बी जिवंत आहे, उगवण नाही

पत्र:

काका, मी दर्यापूर तालुक्यातला. वय २६, पाच एकर वावर, आयटीआय झालेला. दोन वर्षांपासून कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागं सरकत चालले आणि मधात टाळू दिसाले लागली. बाबांचं डोकं अजून भरलेलं, मोठ्या मामाचं पार पाटी. आई म्हणते, आपल्याले खारं पाणीच भोवलं. शेगावकडच्या गावांत लोकं टकले झाले, ते ऐकल्यापासून तर ती मले बोअरच्या पाण्यानं डोकंच धुऊ देत नाही. दोन ठिकाणी पोरगी पाहाले गेलो. एका घरी पोरीचा काका चहा पेता पेता म्हणे, "टोपी काढा न जरा, घरातच तर आहा." लय लाज वाटली. मोबाईलवर वाचलं का अमेरिकेतल्या एका त्वचेच्या डॉक्टरनं शोधून काढलं, टकलातही केसाच्या स्टेम सेल जिवंत राहतात. अमरावतीले एका ठिकाणी तेच स्टेम सेलवालं पॅकेज ८५ हजारात आहे. कापूस विकला, पैसा हातात आहे. करू का? अजून एक, बहीण बाळंतपणाले आली आहे. बाळाले चार महिने झाले, तिचे केस ओंजळीनं निघून राहिले. तिले पण हेच लागते का?

उत्तर:

बाबू,

आधी पैशाचं. ते ८५ हजार बँकेत राहू दे.

तू वाचलंस ते खोटं नाही, आणि अडचण तिथेच आहे. नुसती थाप असती तर एका ओळीत उडवून लावली असती. पण बातमी अर्धी खरी आहे, म्हणून जरा बैजवार सांगावं लागेल.

त्या डॉक्टरांचं नाव जॉर्ज कोट्सारेलिस, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ. त्यांचं पहिलं मोठं काम १९९० सालचं. ते समजायला तुला फार लांब जायला नको. हरभऱ्याच्या जागलीला पहाटे थंडी वाजते तेव्हा हातावर काटा येतो ना? प्रत्येक केसाला खाली एक बारीक स्नायू जोडलेला असतो. तो आखडला की केस ताठ उभा राहतो. हा स्नायू, केस जिथून उगवतो त्या रोमकुपाला जिथे चिकटतो, तिथे रोमकुपाला थोडा फुगवटा असतो. तोवर सगळे धरून चालत की केसाचं बी अगदी तळाशी, कांद्यासारख्या गाठीत असतं. कोट्सारेलिस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी उंदरांच्या कातडीवर काम करून दाखवलं की मूळपेशी, म्हणजे तुझ्या स्टेम सेल, तळाशी नाहीत, वर त्या फुगवट्यात बसल्या आहेत. काटा आणणाऱ्या स्नायूच्या खुंट्यालाच बांधल्यासारख्या.

तू वाचलेली बातमी मात्र २०११ च्या कामावरची दिसते. केसरोपण करून घ्यायला आलेल्या पुरुषांच्या डोक्याच्या कातडीचे नमुने त्यांच्या गटाने घेतले. एकाच माणसाचे दोन: एक टकलातला, एक केस असलेल्या भागातला. पेशी मोजल्या तर मूळपेशी दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच निघाल्या. बातमी इथेच थांबली. पण त्या शोधनिबंधाचा गाभा पुढे आहे. मूळपेशींपासून पुढची जी पिढी तयार होते आणि जी प्रत्यक्ष केस घडवायच्या कामाला लागते, त्या पेशी टकलातल्या कातडीत फारच कमी होत्या. म्हणजे सरकी जमिनीत आहे, मेलेली नाही, पण अंकुर धरत नाही. तासंच्या तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, रिकामी दिसतात म्हणून बियाणंच नाही असं नव्हे. आणि बियाणं आहे म्हणून पऱ्हाटी उभी राहील असंही नव्हे. ते निजलेलं बी जागं कसं करायचं, याचं उत्तर त्या निबंधात नव्हतं. त्यांनी तसा दावाही केला नव्हता.

पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, याच गटाला टकलाच्या कातडीत प्रोस्टाग्लँडिन डी२ नावाचं एक द्रव्य जास्त सापडलं. उंदरांत आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या माणसाच्या रोमकुपांत ते केसांची वाढ रोखत होतं. जगभर बातम्या झाल्या, कारण या द्रव्याला अडवणारी औषधं दम्यासाठी आधीच तपासली जात होती. त्यातलं सेटिपिप्रँट नावाचं एक औषध टक्कल पडलेल्या पुरुषांना २४ आठवडे देऊन पाहिलं. निकाल २०२१ मध्ये छापून आला: नुसत्या खोट्या गोळीपेक्षा काही फरक नाही. या निकालाची बातमी तुझ्या मोबाईलवर आली का? माझ्याही नाही आली, शोधून वाचावी लागली.

संशोधन असंच चालतं, त्यात त्या डॉक्टरांचा दोष नाही. पण प्रयोगशाळेतल्या शोधाचं औषध होण्याची वाट पाहणं म्हणजे मूर्तिजापूरच्या फलाटावर बंद पडलेल्या शकुंतला गाडीची वाट पाहणं. येईलही. तोवर कोणी तुला तिचं तिकीट विकत असेल, तर त्याला गाडी कुठवर आली ते विचार.

त्या पॅकेजबद्दल हेच विचारायचं. आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या स्टेम सेल मार्गदर्शक सूचना आहेत. रक्ताच्या काही आजारांत जे मूळपेशींचं प्रत्यारोपण करतात, तेवढा उपचार मान्य आहे. बाकी काहीही फक्त नोंदणी केलेल्या वैद्यकीय चाचणीत करता येतं. टकलावर पैसे घेऊन 'स्टेम सेल' देतो म्हणणाऱ्याला साधा प्रश्न कर: नेमकं काय टोचणार ते औषधाच्या नावासकट लेटरहेडवर लिहून द्या. बहुतेक तुझंच रक्त काढून, फिरवून, त्यातला पिवळा भाग डोक्यात टोचतात. त्याला पीआरपी म्हणतात. त्याने काहींना थोडा फायदा होतो, पण तो स्टेम सेल नाही आणि कोट्सारेलिसांच्या शोधाशी त्याचा संबंध नाही.

मी हे एवढं ठासून सांगतो कारण पस्तिशीत मीही नागपुरात बर्डीवरच्या एका मालिशवाल्याकडे तीन महिने जाऊन आलो आहे. हिरवं तेल होतं. केस आले नाहीत, उशीचे चार अभ्रे मात्र गेले.

आता तुझ्या डोक्याचं. दोन्ही कोपरे मागे सरकणं आणि मधात विरळ होणं, ही पुरुषी टकलाची नेहमीची चाल आहे. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की वयात येण्याआधी ज्यांचे अंडकोष निकामी झाले, त्यांना टक्कल पडत नाही. त्यांना पुरुषी संप्रेरक (हार्मोन) दिलं तर पडतं, पण ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांनाच. म्हणजे दोन्ही लागतं, संप्रेरक आणि वारसा. वारसा फक्त मामाकडून येतो हे अर्धंच खरं. एक महत्त्वाचं जनुक आईकडून येतं, पण बाकी बरीच जनुकं दोन्हीकडून येतात. बाबांचं डोकं भरलेलं असूनही तुझं विरळ होऊ शकतं. मामाला शिव्या देऊ नकोस.

आईला पाण्याचं असं सांग. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्याने केस राठ होतात, गुंता होतो, साबण फेसाळत नाही, टोकं तुटतात. सगळं खरं. पण रोमकूप कातडीच्या आत काही मिलिमीटर खोल असतो, अंघोळीचं पाणी तिथे पोचत नाही. आणि पाणीच कारण असतं तर त्याने कपाळाचे कोपरे निवडून खाल्ले नसते, मागचे आणि कानाजवळचे केसही गेले असते. बाबाही त्याच बोअरवर आंघोळ करतात ना?

शेगाव तालुक्यातली गोष्ट वेगळी. २०२५ च्या जानेवारीत बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत बाया, माणसं, पोरं यांचे केस तीन-चार दिवसांत हाताला येऊ लागले. पहिला संशय पाण्यावरच गेला. आयसीएमआरचं पथक आलं, पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने गेले. पुढे सेलेनियमचं नाव आलं. विंचवाच्या विषावरच्या कामासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त असल्याचं मांडलं. सेलेनियम शरीराला लागतं, पण चिमूटभराच्याही चिमूटभर. जास्त झालं की केस आणि नखं जातात. तिथे काहींची नखंही गेली, आणि अनेकांचे केस नंतर परत आले. तुझ्याशी ताडून पाहा: तुझे तीन दिवसांत गेले का? घरातल्या सगळ्यांचे गेले का? नखं ठीक आहेत ना? मग आईला बोअर चालू करू दे.

एक अपवाद. पैशाच्या नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडला असेल तर ती चाई. तिथे शरीराची संरक्षक यंत्रणाच रोमकुपावर तुटून पडते. तिथलं संशोधन औषधापर्यंत पोचलंही आहे: जेएके नावाच्या एन्झाइमला अडवणाऱ्या औषधांवर २०१४ च्या सुमारास काम झालं आणि २०२२ मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिबला गंभीर चाईसाठी मंजुरी मिळाली. तुझं वर्णन तसं नाही. तरी एकदा त्वचारोगाच्या डॉक्टरला डोकं दाखवच. अमरावती किंवा अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठी काढून काम होतं. भिंगाखाली टाळू पाहिली की त्यांना कळतं.

ते बहुधा दोन औषधांची नावं घेतील. पहिलं मिनॉक्सिडिल. ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर भलतीकडेच केस उगवायला लागले, त्यावरून डोक्याला लावायचं औषध निघालं. अमेरिकेत १९८८ मध्ये पुरुषांच्या टकलासाठी त्याला मान्यता मिळाली. केसांना नाही, कोरड्या कातडीला लावायचं. पहिल्या महिना-दीड महिन्यात उलट जास्त केस गळतात, इथेच निम्मे लोक बाटली फेकून देतात. निजलेला केस नव्याला जागा करून देतो, म्हणून ती गळती. चार ते सहा महिन्यांनी फरक दिसतो, तोही मधल्या टाळूवर जास्त, कोपऱ्यांत कमी. आणि बंद केलं की तीन-चार महिन्यांत डोकं होतं तिथे परत. महिन्याला काही शे रुपयांचं काम आहे, पॅकेजसारखा दिमाख त्याला नाही. घरात मांजर असेल तर बाटली आणि उशी तिच्यापासून दूर ठेव, मांजराला ते विषासारखं आहे.

दुसरी गोळी, फिनास्टेराइड, एका खेड्यातून आली. १९७४ साली डॉ. ज्युलिॲन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी 'सायन्स' या नियतकालिकात डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावाबद्दल लिहिलं. तिथली काही मुलं जन्मताना मुलीसारखी दिसत, मुलगी म्हणूनच वाढत, आणि वयात येताना त्यांचं अंग पुरुषाचं होई. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी नावाच्या जास्त तिखट संप्रेरकात रूपांतर करणारं एन्झाइम त्यांच्यात जन्मापासून कमी होतं. या माणसांना मोठेपणी टक्कल पडत नव्हतं आणि त्यांची प्रोस्टेट ग्रंथीही लहान राहत होती. औषध कंपनीने तेच एन्झाइम अडवणारी गोळी केली. १९९२ मध्ये ती प्रोस्टेटसाठी आली, १९९७ मध्ये पाचव्या हिश्श्याच्या मात्रेत टकलासाठी. राहिलेले केस टिकवायला ती चांगली आहे. पण थोड्या पुरुषांत लैंगिक इच्छा कमी होते, काहींचं मन उदास होतं. लग्नाच्या तोंडावर असलेल्या पोराने हे डॉक्टरशी मोकळं बोलल्याशिवाय सुरू करायची नाही, दुकानातून आपल्या मनाने तर नाहीच. ती चालू असताना आणि सोडल्यावर महिनाभर रक्तदान करता येत नाही, तेव्हा शिवजयंतीच्या शिबिरात तसं सांगून मोकळा हो.

केसरोपणाचंही विचारशील. ती म्हणजे नांग्या भरणं. दाट तासातली रोपं उपटून विरळ तासात लावायची. नवीन बी येत नाही, आहे तेच हलवायचं. मागच्या भागातले केस संप्रेरकाला दबत नाहीत म्हणून पुढे लावले तरी टिकतात. पण २६ व्या वर्षी टक्कल कुठवर जाणार ते ठरलेलं नसतं. आज पुढचं भरलं आणि उद्या मधलं गेलं, तर डोक्यावर बेट उरतं. चार-पाच वर्षं थांबलास तर काही बिघडत नाही.

बहिणीचं. तिला काहीच विकत घ्यायचं नाही.

तिला म्हणावं, गळलेला एक केस उजेडात धर आणि त्याचं टोक बघ. तिथे पांढरा, मोहरीहून कितीतरी बारीक मणी दिसेल. बाया हा मणी पाहून घाबरतात, म्हणतात, मुळासकट आला, आता तिथे केस येणार नाही. उलट आहे. तो मणी मूळ नाही, झोपी गेलेल्या केसाचं बंद झालेलं टोक आहे. मूळ आतच आहे, जागच्या जागी. डोक्यावरच्या लाखभर केसांपैकी दहातले नऊ कोणत्याही दिवशी वाढत असतात. वाढीचा काळ दोन ते सहा वर्षं, मग तीनेक महिने विश्रांती, मग केस गळतो आणि खालून नवा निघतो. रोज पन्नास ते शंभर केस असे जातातच. गरोदरपणात संप्रेरकांमुळे जाणारे केसही थांबून राहतात, म्हणून पोटुशी बाईची वेणी जाड दिसते. बाळंतपण झालं की थांबलेले सगळे एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-चार महिन्यांनी एकदम सुटतात. तोरणाखाली रोखलेले बैल पोळा फुटल्यावर सुटावेत तसे. तुझी बहीण नेमकी चौथ्या महिन्यात आहे.

या गळतीला 'टेलोजेन एफ्लुव्हियम' हे नाव १९६१ साली अल्बर्ट क्लिगमन यांनी दिलं. तेही पेनसिल्व्हेनियाचेच त्वचारोगतज्ज्ञ. (याच माणसाने होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं औषधांचे प्रयोग केले. त्यांचं नाव घेताना ते गाळलं तर मलाच बरं वाटणार नाही.) त्यांनी हे नीट मांडलं की धक्का आज बसतो आणि केस दोन-तीन महिन्यांनी गळतात. बाळंतपण, मोठा ताप, ऑपरेशन, उपासमार, काहीही. म्हणून लोकांना खरं कारण आठवत नाही आणि कालच बदललेल्या शाम्पूवर आळ जातो.

सहा महिने ते वर्षभरात केस परत येतात. कपाळाशी लहान लहान उभी केसं दिसायला लागली की समजायचं, फिरली गाडी. तोवर आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या, आशाताईने दिलेल्या लोहाच्या गोळ्या ती खरंच घेते का ते बघ. बहुतेक घरी त्या फळीवरच असतात. बाळंतिणीच्या पथ्याच्या नावाखाली तिला नुसत्या मऊ भातावर ठेवलं असेल तर आईशी बोल. भाकरी, तुरीचं वरण, अंबाडी, जवसाची चटणी, अंडं चालत असेल तर अंडं. केस गळतात म्हणून दूध पाजणं तोडायचं नाही, त्याचा संबंध नाही. जमत असेल तर केस सैल बांधू दे, करकचून नको.

आणि इथे दोन्ही गोष्टी जोडल्या जातात. तू फिनास्टेराइड सुरू केलीस तर तो डबा बहिणीच्या, पुढे बायकोच्या हाती लागेल असा ठेवू नकोस. तुटलेली गोळी गरोदर बाईने हाताळायची नाही. पोटात मुलगा असेल तर सालिनासच्या पोरांसारखं होण्याची भीती असते. तुझ्या बाटल्या तिला "तू पण लावून पाहा" म्हणून देऊ नकोस, मिनॉक्सिडिलही नाही, ती अंगावर पाजते आहे.

राहिली टोपी. पोरीच्या काकाने वाईट केलं, पण घरात बसून टोपी घातलेला पोरगा पाहिला की कोणालाही प्रश्न पडेल. पुढल्या खेपेला उघड्या डोक्याने जा. केस बारीक कापून घे, मशीनचा दोन नंबर. लांब ठेवून आडवे विंचरले की विरळपणा उठून दिसतो. आणि केस काढले की दाट येतात असं न्हाव्याने सांगितलं तरी मानू नकोस, वस्तरा वरून फिरतो, रोमकूप खाली असतो. मी तुझ्या वयाचा असताना माझ्या डोक्यावर शेत होतं, आता वखरलेलं रान आहे, पण तो वेगळा विषय.

आज मिनॉक्सिडिल सुरू केलंस तर डोक्याचा एक फोटो काढून ठेव. गोठ्याच्या दारात, सकाळी आठच्या उजेडात, मान खाली घालून. दर महिन्याच्या एक तारखेला तीच जागा, तीच वेळ. रोज आरशात पाहून काही कळत नाही. पोळा झाला की पहिला आणि शेवटचा असे दोन फोटो मला पाठव, आणि बहिणीचं हिमोग्लोबिन किती निघालं तेही लिही.